धागा एकच, उकल वेगळी

'खाण तशी माती' ही म्हण आमच्या पाथर्डीत फार चालते. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या भरू लागल्या, की कुणीतरी म्हणतोच, 'आईबाप कोयत्यावर, मग पोरगं दुसरं काय करणार? रक्तातच असतं ते!' मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. पण हे 'रक्तातले' म्हणजे नेमके काय, ते वाचले आणि ही म्हण मला खटकू लागली.

श्रोतेहो, आपल्या पेशीतला डीएनएचा धागा सरळ केला, तर सुमारे २ मीटर भरतो. तो मावतो मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. कसा? रिळावर दोरा गुंडाळावा तसा. हिस्टोन नावाची आठ प्रथिने मिळून एक रीळ होते, त्यावर धाग्याचे सुमारे पावणेदोन वेढे बसतात. धाग्यावर ऋण भार, हिस्टोनवर धन भार, म्हणून पकड घट्ट. अशी लक्षावधी रिळे एकेका पेशीत असतात. ही रचना १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी मांडली. त्यांचे वडील आर्थर यांना १९५९ चे नोबेल, रॉजर यांना २००६ चे. 'बघा, खाण तशी माती!' असे कुणी म्हणेलही. पण या मुलाला वडिलांची प्रयोगशाळाही लहानपणीच पाहायला मिळाली होती, हे विसरू नये.

खरी गंमत पुढेच आहे. हिस्टोनला अॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटला, की पकड सैल होते आणि तिथला मजकूर वाचता येतो. घट्ट गुंडाळलेला भाग मुका राहतो. म्हणून धागा एकच असूनही डोळ्याची पेशी वेगळी, यकृताची वेगळी. धाग्याच्या या घड्या जनुकांवर कसा ताबा ठेवतात, यावर पुण्यात संजीव गलांडे यांनी काम केले. त्यांना २०१० चा भटनागर पुरस्कार मिळाला. मधमाश्यांचे पाहा. राणी आणि कामकरी यांचा वारसा सारखाच, पण अळीला खाऊ काय मिळाला यावर कुणी राणी व्हायचे ते ठरते.

हिस्टोन गरिबी घालवतील, असे मी म्हणत नाही. वारसाही खोटा नाही. पण वारसा म्हणजे निकाल नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या पोराची शाळा महिनोन् महिने बुडते. पुढे त्याच्या हाती कोयता आला, तर दोष धाग्याचा नाही, बुडालेल्या शाळेचा आहे. गावातले हंगामी वसतिगृह नीट चालते की नाही, हे आधी पाहू. म्हण नंतर म्हणू.