बॅरिस्टर डॉ. रफिक झकेरिया : एक कृतज्ञ स्मरण
(महोत्सवी सभेत झालेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचे पुण्यस्मरण करावे, हा आपला परिपाठच आहे. परंतु ज्या नगरात परमेश्वराने आम्हांस वास दिला, त्या नगराच्या उपकारकर्त्यांचेही आम्ही ऋणी आहो. म्हणून निराळ्या धर्माच्या, तथापि याच नगराच्या सेवेत आयुष्य वेचलेल्या एका गृहस्थाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. ते गृहस्थ म्हणजे ९ जुलै २००५ रोजी मुंबई मुक्कामी निवर्तलेले बॅरिस्टर डॉ. रफिक झकेरिया.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १९२० रोजी, आपल्या वसईकर ख्रिस्ती बांधवांच्या शेजारी असलेल्या सोपारे गावी, कोकणी मुसलमान कुळात झाला. मुंबई विद्यापीठाचे सुवर्णपदक, लंडनची डॉक्टरेट आणि लिंकन्स इनची बॅरिस्टरी संपादून त्यांनी मुंबईस वकिली केली. धनाचा मार्ग मोकळा असता ते लोकसेवेकडे वळले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६२ साली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत औरंगाबादेने त्यांस विधानसभेवर पाठविले. पुढे ते राज्याचे मंत्री झाले व राज्यसभेतही बसले.

निजामी अमलात मराठवाडा विद्येत मागे राहिला होता. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय काढले. १९५८ साली विद्यापीठ आले. त्याच मालिकेत १९६३ साली झकेरियासाहेबांनी मौलाना आझाद महाविद्यालय उभारले. फाळणीस अखेरपर्यंत विरोध करणाऱ्या पुरुषाचे नाव त्यांनी विद्यामंदिरास दिले, यातच त्यांचे धोरण दिसते. स्वजातीयांच्या उन्नतीसाठी काढलेल्या या संस्थेचे दार इतरांसही उघडे राहिले. जुन्या तटाबाहेर सिडकोची जी नवी वस्ती वसली, तिच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

परंतु त्यांचा खरा मोठेपणा आम्हांस याहून निराळ्या ठिकाणी दिसतो. अशिलाची बाजू मांडणे हा वकिलाचा धर्म होय. परंतु चांगला वकील एकांतात अशिलाच्या चुकाही त्यास सांगतो. झकेरियासाहेबांनी हे काम उघड्यावर केले. मुसलमानांवर अन्याय झाला तेथे त्यांनी निर्भयपणे लिहिले. आणि हिंदी मुसलमानांचे कोठे चुकले, असा प्रश्न विचारणारा ग्रंथ २००४ साली, वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षी, त्यांनीच प्रसिद्ध केला. जीनांच्या राजकारणाची झडती त्यांनी २००१ साली घेतली होती. अशाने टाळ्या मिळत नाहीत. दोन्हीकडून बोल मात्र लागतात. ते त्यांनी सोसले.

बंधुभगिनींनो, आम्हीही या नगरात मूठभरच आहो. मूठभरांस दोन मोह पडतात : एक, आपल्याच अंगणाची भिंत उंच करीत जाणे, दुसरा, आपले सर्व दोष दुसऱ्याच्या माथी मारणे. १९६५ साली व्हॅटिकन महासभेने अन्य धर्मांविषयी घोषणापत्र काढले. त्यात मुसलमानांविषयी आदर प्रकट करून, मागील वैर विसरावे व न्याय आणि शांती यांसाठी एकत्र झटावे, असा उपदेश केला आहे. तो उपदेश मिस्सेनंतर देवळाच्या पायरीवरच ठेवून जावयाचा नाही. आमच्या शाळांत गरिबाच्या मुलास जागा मिळते काय? शेजाऱ्याच्या घरी सण असता आम्ही जातो काय? नगरात तेढ माजते तेव्हा आमचा शब्द शांतीचा असतो काय? महोत्सवाचे खरे आत्मपरीक्षण हेच होय.

मौलाना आझाद महाविद्यालयाच्या आवारातच झकेरियासाहेब चिरनिद्रा घेत आहेत. संस्थेचा भार पुढे वाहणाऱ्या त्यांच्या पत्नी फातमाबाई यांसही २०२१ साली तेथेच मूठमाती देण्यात आली. ज्या भूमीत ज्ञान पेरले, त्याच भूमीत देह ठेवला. विद्यार्थ्यांची वर्दळ त्यांच्या समाधीजवळून जाते. याहून बोलके स्मारक कोणते?

दयाघन परमेश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो, आणि स्वकीयांवर प्रेम करीत असता सर्वांसाठी दार उघडे ठेवण्याची बुद्धी आम्हां सर्वांस देवो, हीच प्रार्थना.