खळं, चोपणं आणि आजीचा कोबा



संयोजकांनी मला ‘शाळेनंतरचा प्रवास’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. माझा प्रवास एका वाक्यात संपतो. डिग्री सिव्हिलची घेतली आणि पोट सॉफ्टवेअरवर भरते. उरलेल्या वेळात मी दिवाळीच्या सुट्टीबद्दल बोलणार आहे, म्हणजे त्या सुट्टीत आजी-आजोबांबरोबर केलेल्या कामांबद्दल.

आपल्या वर्गातले कितीतरी जण त्या सुट्टीत कोकणात जायचे. कोकण रेल्वे सलग सुरू झाली १९९८ साली, आपण शाळेतून बाहेर पडल्यावर. तोवर रात्रभर एसटी, सकाळी राजापूर आणि पुढे आजोळी डोक्यावर बॅग घेऊन पायपीट. गेल्या गेल्या चकली मिळायची, पण ती हातात असतानाच आजोबा कामं वाटायला लागायचे. पावसानं घरापुढच्या खळ्याची पार दशा झालेली असायची. गवत, शेवाळ, पागोळ्यांनी पाडलेले खड्डे. हळवं भात आम्ही पोचायच्या आत पडवीत कसंबसं झोडून झालेलं असे, पण गरवं अजून शेतात उभं. ते कापून आणायच्या आत खळं तयार हवं, कारण भात तिथेच झोडायचं आणि तिथेच वाळवायचं.

आधी गवत उपटायचं, मग कुदळीनं वरवर खणायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं आणि चोपण्यानं चोपत बसायचं. चोपणं म्हणजे दांडा असलेली जाड फळी, आठवत असेल बऱ्याच जणांना. पाणी मारल्यावर लगेच चोपायला आजोबांची परवानगी नसे. ते मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकायचे. भुगा झाला तर पाणी कमी. तसाच गोळा राहिला तर जास्त, मग दुपारपर्यंत थांबा. दोन-तीन तुकडे झाले की म्हणायचे, “हं, घे बाय चोपणं.”

इंजिनिअरिंगला प्रॉक्टर टेस्ट शिकवली. १९३३ साली राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन इंजिनिअरनं धरणाच्या भरावासाठी मांडलेली. माती कितीही ठोका, ती सर्वांत घट्ट बसते ती ठरावीक ओलाव्यालाच. प्रयोगशाळेत मी साचा भरत होते आणि हाताला ते आधीच माहीत होतं. उताराचंही तसंच. आजोबा उंबऱ्यापाशी तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते तुळशीला वळसा घालून बांधाकडे गेलं की मान हलवायचे. घराकडे परत आलं तर तेवढा भाग पुन्हा खणायचा.

मग आजीचं शेणाचं सारवण. प्रत्येक नातवाला खळ्याचा एकेक कोपरा नेमून दिलेला असायचा. जून महिन्यात तांदूळ निवडताना आजीला खडा लागला की तिला बरोबर कळायचं. पोस्टकार्डावर मामाकडून एक ओळ लिहून यायची, ‘विहिरीकडच्या कोपऱ्याचे खडे अजून निघताहेत.’ विहिरीकडचा कोपरा माझ्या मामेभावाचा. तो आज बेंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे, पण आमच्यात त्याचं नाव अजून ‘खडा’च आहे.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आम्हाला दिलेलं काम खोटं नव्हतं. आज आपण मुलांना ‘अॅक्टिव्हिटी’ देतो. ती नाही केली तरी कुणाचं काही अडत नाही, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक असतं. आमच्या दहा वर्षांच्या हातांवर घरातलं वर्षभराचं भात अवलंबून होतं.

आता दुसरी बाजू. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. आजी अठ्ठ्याऐंशीची आहे. तीन वर्षांपूर्वी मामानं खळ्यात कोबा घालायचं काढलं, तेव्हा आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाहाकार उडाला. पुणे, ठाणे, बेंगळुरू, टोरांटो, सगळीकडून ‘नको’. मातीचा वास, सारवणावरची रांगोळी, जुने फोटो. शेवटी आजीनं मामाच्या फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. “दर आठवड्याला सारवायला कोण येणार त्याचं नाव सांगा, मग कोबा नको म्हणा.” ग्रुप दोन दिवस गप्प होता. पन्नास-साठ वर्षं वाकून तिनं ते खळं सारवलं होतं. वास आमच्या वाट्याला, कंबर तिच्या.

कोबा झाला. आजी त्यावर खुर्ची टाकून बसते आणि खूश आहे. एकच तक्रार, उन्हाळ्यात तो तापतो, म्हणून मांडव आता पूर्वीपेक्षा जास्त लागतो. मामा हिरवी जाळी आणत होता, तिला ती आवडत नाही. तिला माडाचे झापच हवेत.

म्हणून गेल्या दिवाळीत माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला काम लागलं. भिजत घातलेली झावळी मधोमध चिरायची आणि पाती एकाआड एक विणत जायची. पहिला झाप तिनं दीड तासात केला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आजीनं तो उजेडासमोर उभा धरायला सांगितला. त्यातून ऊन आरपार दिसत होतं.

“उसव,” आजी म्हणाली.

मुलीचं तोंड उतरलं. मी मध्ये पडणार होते, पण आजीनं हातानंच मला गप्प बसवलं आणि स्वतः खुर्चीवरून खाली बसली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी खाली बसायला तिला किती वेळ लागतो ते मी मोजलं नाही. दोघींनी मिळून तो सबंध उसवला आणि पुन्हा विणला. माझ्या ऑफिसात रोज कोड तपासला जातो, चुका काढल्या जातात. पण चूक काढणारा शेजारी बसून पुन्हा लिहायला लागतो, असं मी क्वचितच पाहिलं आहे.

त्या सुट्टीत मुलीचे पास झालेले झाप झाले अकरा. मांडवाला लागतात चाळीस. बाकीचे मामीनं आणि शेजारच्या काकूंनी विणले. झाप दरवर्षी नवे लागतात. यंदा चाळीसच्या चाळीस आपणच करणार, असं मुलीनं आजीला फोनवर कळवलं आहे. सुट्टी अठरा दिवसांची, त्यातले चार सणाचे, आणि झावळ्या भिजायला तीन दिवस. रोज किती झाप पडतात ते गणिताच्या बाईंनीच सांगावं. त्या पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.