श्री चारशेवीस घरी येतात

उज्जैनच्या दक्षिण अंगाला, इंदूरच्या रस्त्यावर नानाखेडा येथे मोटारींचे स्थानक आहे. गाडीची वाट पाहत बसलेल्या उतारूंच्या हाती आज तळहाताएवढा पडदा असतो आणि त्यावर काही ना काही हलते चित्र चाललेले असते. राज कपूर यांचा ‘श्री ४२०’ हा बोलपटही अशा पडद्यावर पाहावयास मिळतो. १९५५ साली तिकिटाच्या रांगेत ताटकळणाऱ्या एखाद्या गृहस्थाला हे भविष्य कोणी सांगितले असते, तर त्याने सांगणाऱ्यालाच चारशेवीस ठरविले असते.

फसवणुकीची गोष्ट या नगरीला नवीन नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ याच उज्जयिनीत घडते. त्यातला जुगारात हरलेला संवाहक पाठलाग चुकविण्यासाठी उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि रिकाम्या गाभाऱ्यात स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. त्याला शोधणारे दोघे काही कच्चे नव्हेत. ते तेथेच फासे मांडून बसतात. फाशांचा खुळखुळाट ऐकून मूर्तीला राहवत नाही, आणि देव पकडला जातो! गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले. पुढे १९८४ साली गिरीश कार्नाड यांनी त्याच कथेवरून ‘उत्सव’ हा चित्रपट केला. त्याचे निर्माते राज कपूर यांचेच धाकटे बंधू शशी कपूर होते, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

‘श्री ४२०’ हे नाव १८६० च्या भारतीय दंडविधानातून आले. फसवणूक करून दुसऱ्याची मालमत्ता उपटणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगणारे ते ४२० वे कलम. त्या आकड्यामागे ‘श्री’ लावण्यात अर्धी कथा सांगून झाली आहे, कारण हा भामटा प्रतिष्ठित आहे. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची आणि लेखनात त्यांचे सहकारी होते वसंत साठे. संकलन जी. जी. मायेकरांचे. पदपथावर केळी विकणारी गंगामाई रंगविली येवल्याच्या ललिता पवार यांनी. एरवी ज्यांना पाहताच प्रेक्षक दात-ओठ खात, त्या बाईंनी येथे साऱ्या चित्रपटातील सर्वांत ऊबदार माणूस उभा केला आहे.

अलाहाबादेहून आलेला पदवीधर राज मुंबईत प्रथम आपले प्रामाणिकपणाचे पदक गहाण टाकतो. मग धुलाईच्या दुकानात नोकरी, तेथून पत्त्यांचे डाव, आणि अखेर सेठ सोनाचंद धर्मानंद यांची भागीदारी. या सेठजींच्या हवेलीसमोरच्या पदपथावर बेघर माणसे झोपतात, आणि सेठजींची शेवटची योजना याच माणसांसाठी आहे: शंभर रुपये भरा, घर मिळवा. या योजनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. लोभी माणसाला फसविणाऱ्या ठकाच्या कथा जगभर आहेत, आणि तेथे फसणाऱ्याविषयी आपल्याला फारशी कणव येत नाही. १९७३ चा ‘द स्टिंग’ हा अमेरिकन चित्रपट तर फसविणाऱ्यांच्याच बाजूने पाहावयाचा. येथे मात्र फसणाऱ्याची हाव एवढीच की डोक्यावर छप्पर असावे. म्हणून शंभराची नोट काढणारे हात पाहताना हसू ओठांवरच थांबते. शेवटी राज लोकांना सांगतो, की शंभर रुपयांत एकाचे घर होणार नाही, पण लाखो माणसांचे शंभर रुपये एकत्र आले तर होईल. अर्थशास्त्र्याला हे पटेल की नाही, हा प्रश्न वेगळा. चित्रपटगृहात मात्र ते पटत असे, कारण तेथे शेजारी खरोखरच शेकडो माणसे बसलेली असत.

हा बोलपट घरात शिरू लागला तो १९८० नंतरच्या दशकात, चित्रफितीच्या रूपाने. त्याबरोबर चोरट्या प्रतींचाही सुळसुळाट झाला. ठकाची कथा ठकबाजीनेच घरोघर पोहोचावी, यात एक विनोद होता. परंतु निर्मात्यांना तो परवडणारा नव्हता. १९८४ मध्ये लेखाधिकाराचा कायदा दुरुस्त झाला. चित्रफितीवर ती तयार करणाऱ्याचे आणि अधिकारधारकाचे नाव-पत्ता छापणे सक्तीचे झाले व चोरट्या प्रतींसाठी किमान सहा महिन्यांची कैद आली. पाठोपाठ चकत्या आल्या. व्हीसीडीच्या एका चकतीवर सुमारे सव्वा तासाचे चित्र मावते, त्यामुळे असा लांबलचक बोलपट दोन-तीन तुकड्यांत पाहावा लागे. राज बिघडावयास लागला की उठून चकती बदलायची! मग मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकावयास काढली, आणि चोरट्या प्रतीचे मुख्य आकर्षण जे स्वस्ताई, तेच मोडून काढले. ती कंपनीही पुढे दिवाळखोरीत गेली.

घरच्या पडद्याने एक सोय निश्चित केली. चित्र थांबविता येते, मागे नेता येते. ठकाचा हात नेमका केव्हा फिरला, सेठजींनी कोणत्या शब्दाला ‘जनता’ हे विशेषण चिकटविले, हे पुन्हा पाहून मुलांना दाखविता येते. राणोजी शिंद्यांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांत आजी-आजोबा, मुले आणि नातवंडे यांची चित्रपटाची भाषा एकच, ती म्हणजे हिंदी. तेव्हा असा बोलपट एकत्र पाहण्यास तेथे अडचण पडत नाही. अडचण आहे ती आता प्रत्येकाचा पडदा निराळा झाला आहे, ही.

त्याच पडद्यावरून आजचा सेठ सोनाचंदही येतो. तो पोलिसाचा गणवेश घालून समोर दिसतो, तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे असे सांगतो आणि कोणाशीही न बोलता खोलीत बसून राहा, असे फर्मावतो. ‘डिजिटल अटक’ असा काही प्रकार कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना आकाशवाणीवरून सांगावे लागले. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. जुना ठक गर्दी जमवून फसवीत असे. नवा ठक आधी माणसाला एकटे पाडतो.

त्याच २०२४ साली १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४२० व्या कलमाचा गुन्हा ३१८ व्या कलमात गेला. ‘श्री ३१८’ असे कोणी म्हणेल, असे दिसत नाही. डिसेंबरात राज कपूर यांची जन्मशताब्दी आली. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या साहाय्याने १३ ते १५ तारखांना देशातील ४० शहरांत त्यांचे दहा चित्रपट पुन्हा मोठ्या पडद्यावर लागले. ‘श्री ४२०’ त्यांत होताच. तिकीट सर्वत्र एकच ठेवले होते: शंभर रुपये.