प्रत्येक प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्नमेंट

संशोधनासाठी पायथन वापरत असाल, तर प्रत्येक प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेसचा स्वतंत्र संच, द्या. 2024 मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची दुसरी मोठी आवृत्ती आली… आणि जुन्या आवृत्तीवर बांधलेली कित्येक पॅकेजेस तिच्यासोबत चालेनात. सगळं एकाच जागी असेल, तर एका कामासाठी केलेलं अपडेट दुसरं काम बंद पाडतं.

मिनीफोर्ज इन्स्टॉल केलं, की अशी वेगळी एन्व्हायर्नमेंट बनवणारं कोंडा हे साधन हाती येतं. सी आणि फोरट्रानमधल्या लायब्ररीही ते सोबत आणतं. ‘पायथनचं नेहमीचं पिप पुरेसं नाही का?’ लहान कामाला आहे. अशा लायब्ररी लागल्या, की अडू शकतं. ‘डिस्क भरेल!’ तितकी नाही… शक्य तिथे कोंडा एकच फाइल अनेक एन्व्हायर्नमेंटना पुरवतं.

पुन्हा सांगावंसं वाटतं: प्रत्येक प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्नमेंट. आणि शोधनिबंधासोबत त्यातल्या आवृत्त्यांची यादी जरूर जोडा.