पडद्याआडचा उमेदवार



१९८० साली जर्मनीतल्या म्युनिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला ट्रॉम्बोनचा मुख्य वादक हवा होता. चाचणीला ३३ जण आले. त्यांतला एक वाद्यवृंदातल्या लोकांच्या ओळखीच्या घरातला होता. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून पहिल्या फेरीला मंचावर पडदा लावला गेला. सोळाव्या उमेदवाराचं वादन संपलं आणि परीक्षकांनी तिथंच ठरवून टाकलं, हाच वादक हवा. उरलेल्या सतरा जणांना न ऐकताच परत पाठवलं. पडद्यामागून बाहेर आली अॅबी कॉनंट नावाची अमेरिकन तरुणी. चाचणीच्या निमंत्रणपत्रावर तिच्या नावामागे ‘श्रीयुत’ लावलेलं होतं.

त्यानंतर पडदा नव्हता. कॉनंट रुजू झाल्या, पण १९८२मध्ये त्यांना मुख्य जागेवरून काढून दुय्यम जागेवर बसवण्यात आलं. त्या जागी पुरुष हवा, हे कारण. प्रकरण न्यायालयात गेलं. दमसास पुरेसा आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांना वैद्यकीय तपासण्या करून घ्याव्या लागल्या: श्वास किती वेगानं आत घेतला जातो, किती वेगानं बाहेर सोडला जातो, रक्तात प्राणवायू किती मिसळतो. ज्या छातीच्या जोरावर त्यांनी पडद्याआडून सगळ्यांना मागं टाकलं होतं, तिचीच ही परीक्षा. खटला जिंकून मुख्य जागा परत मिळाली, तर पगाराची श्रेणी पुरुष सहकाऱ्यांच्या खालची. तो झगडा मिटेपर्यंत १९९३ उजाडलं.

या पडद्यासारखंच अर्जावरचं नाव झाकून उमेदवार निवडावेत, ही मागणी आज अनेक देशांत होते आहे. ती रास्त आहे आणि भारतात तर तिची निकड जास्तच आहे. मात्र पडद्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे कळायला कॉनंट यांची हकिगत शेवटपर्यंत ऐकावी लागते.

अमेरिकेत बोस्टन सिम्फनीनं १९५२मध्येच पडद्याआडची चाचणी सुरू केली होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इतरांनी ती उचलली. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येते म्हणून काही ठिकाणी मंचावर गालिचा अंथरत. तिथल्या पाच अव्वल वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रिया पाच टक्क्यांहून कमी होत्या. १९९७पर्यंत त्या २५ टक्के झाल्या. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउस यांनी २०००मध्ये या वाढीचं बरंचसं श्रेय पडद्याला दिलं. त्यांच्या हिशेबातल्या काही आकड्यांवर पुढे शंका घेतल्या गेल्या, त्या वाजवीच आहेत. संगीत शिकणाऱ्या मुलींची संख्याही त्याच काळात वाढत होती.

भारतातला पुरावा मात्र जास्त बोचरा आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांत खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येत, त्यांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जदार कागदावरचेच होते, सगळे पुरुष. एकाच जागेसाठी सारख्या तोलाचे अर्ज जात; फरक असे तो नावात. एक नाव सवर्ण हिंदू वाटेल असं, एक दलित, एक मुस्लिम. अर्जात जात कुठंही लिहिलेली नव्हती.

सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता ढोबळमानानं दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. हा अभ्यास २००७मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यात कुणी कुणाचा अपमान केला नाही, कुणाला दारातून हाकललं नाही. नुसता फोन आला नाही. खऱ्या आयुष्यात असा उमेदवार तक्रार कशाच्या आधारावर करणार? त्याच्यासारखेच गुण असलेल्या दुसऱ्याला फोन गेला, हे त्याला कधी कळतच नाही. म्हणूनच इथं तक्रार-निवारणापेक्षा नाव झाकण्याचा उपाय जास्त कामाचा.

२००९चा दिल्लीतला एक अभ्यास यात मोलाची भर घालतो. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, मेरिआन बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी असेच बनावट अर्ज पाठवले, तेव्हा सॉफ्टवेअरच्या जागांसाठी जातीवरून भेदभाव आढळला नाही. कॉल सेंटरच्या जागांसाठी तो दिसला, विशेषतः ओबीसी नावांच्या बाबतीत. प्रोग्रॅमिंग येतं की नाही, हे कागदावरून बरंचसं कळतं. ‘बोलणं चांगलं आहे’ किंवा ‘आपल्या टीममध्ये बसेल’ हे ठरवायला मोजपट्टी नसते. मोजपट्टी नसली की त्या जागी अंदाज येतो, आणि अंदाज आडनावावरून बांधला जातो.

महाराष्ट्रात तर आडनाव झाकूनही भागत नाही. इथल्या बायोडेटात उमेदवाराच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं. खाली कायमचा पत्ता, मुक्काम पोस्ट अमुक, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, कोपऱ्यात फोटो. शिष्यवृत्तीच्या नावावरून जात कळते, वसतिगृहाच्या नावावरून कळते. सायबर कॅफेतल्या जुन्या नमुन्यात ‘धर्म व जात’ असा रकानाच असे, आणि पोरं तो इमानदारीनं भरत. नाव झाकायचं तर हे सगळं झाकावं लागेल. ओळखीतून भरल्या जाणाऱ्या जागांवर तर कुठलाच पडदा पोचत नाही, कारण तिथं अर्जांची चाळणीच होत नाही.

फ्रान्सचा अनुभव वेगळाच धडा देतो. मोठ्या कंपन्यांनी बिननावाचे अर्ज घ्यावेत असा कायदा तिथं २००६मध्ये झाला, पण तो अमलात आला नाही. पुढे सरकारी रोजगार संस्थेनं प्रयोग करून पाहिला, तेव्हा नावं झाकल्यावर स्थलांतरितांच्या मुलांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. प्रयोगात आपणहून उतरलेल्या कंपन्या मुळातच या मुलांना झुकतं माप देणाऱ्या होत्या. नाव दिसत असताना त्या अर्जातली एखादी उणीव परिस्थितीकडे बघून समजून घेत. नाव गेलं आणि उणीव तेवढी उरली. २०१५मध्ये तिथली सक्ती कायद्यातूनच काढण्यात आली.

तेव्हा नाव झाकणं हा आरक्षणाला पर्याय आहे, असं कुणी सांगू लागलं तर ते साफ नाकारलं पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या दार बंद राहिलेल्या माणसाला आत घ्यायचं, तर तो कोण आहे हे माहीत असावं लागतं. पडद्याचं काम त्याहून लहान आहे: जो आजच पात्र आहे, त्याला पहिल्या चाळणीत विनाकारण गळू न देणं. लहान असलं तरी हे काम हजारो फोन वाजवू शकतं.

यानंतर येते मुलाखत, जिथं चेहरा दिसतोच. समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून २००७मध्येच लिहिलं होतं: बोलताना सगळे गुणवत्तेचा हवाला देत, आणि मुलाखतीत कुटुंबाची पार्श्वभूमी विचारत. वडील काय करतात, भावंडं किती शिकली, घर शहरात की गावात. विचारणाऱ्याला हे प्रश्न साधे वाटतात. ज्याचे वडील ऊसतोड करतात, तो उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो आणि त्या थांबण्याची ‘आत्मविश्वास कमी’ अशी नोंद होते.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण चार-पाच वर्षांत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेले असतील. तिथं त्यांनी घरच्या पार्श्वभूमीचे हे प्रश्न यादीतून खोडावेत. मुलींना लग्नाबद्दल विचारला जाणारा प्रश्नही खोडावा. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचारावेत आणि आपसात चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपापले गुण कागदावर लिहावेत. कुणी अर्ज केला, कुणाला बोलावलं, कोण रुजू झालं आणि दोन वर्षांनी कोण टिकलं, याचा हिशेब दरवर्षी काढावा. कॉनंट यांच्यासारखा अन्याय रुजू झाल्यानंतर घडतो, तो याच हिशेबात सापडतो.

विद्यापीठालाही पुढच्या प्लेसमेंट हंगामापासून हे करायला वाट मोकळी आहे. उत्तरपत्रिका इथं बारकोड लावूनच तपासल्या जातात. प्लेसमेंट सेलनं कंपन्यांना पहिल्या चाळणीसाठी पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), विषय, गुण आणि प्रकल्पाचा तपशील एवढंच पाठवावं. नावं आणि फोटो लेखी चाचणीचा निकाल हाती आल्यावर द्यावेत.