या जर्सीत? जानेवारीत



 वर्षभराच्या क्रीडालेखनाचा आढावा क्रीडालेखकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षाने घ्यायचा, असा प्रघात आहे. तो आढावा छापून तुमच्या हाती दिला आहे, सवडीने वाचा. मला आज बोलायचं आहे ते आयर्लंडमधल्या गेलिक फुटबॉलच्या टॅल्चन कपाबद्दल.

तिथे असताना बावीस वर्षं हा खेळ पाहिला. छोट्या काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) संघांवर पानभर लिहून पाठवायचो, छापून यायच्या चार ओळी. ‘मोठ्या संघांचं लिहा’, असं सांगितलं जायचं. तो सल अजून गेलेला नाही.

या खेळात काउंटी संघाच्या खेळाडूला पगार नसतो. कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी गायी पाळणारा. अव्वल संघ सॅम मग्वायर चषकासाठी खेळतात. लीगच्या मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या विभागातले संघ २०२२पासून टॅल्चन कप खेळतात. त्याआधी २००४ ते २००८ अशा संघांसाठी टॉमी मर्फी कप होता. शेवटची दोन वर्षं तर चौथ्या विभागाला मोठ्या स्पर्धेचं मागचं दार, म्हणजे पात्रता फेऱ्या, बंद करून तिकडे ढकललं. ढकललेला माणूस मन लावून खेळेल कसा? तो कप बंद पडला.

टॅल्चन कप पहिल्या वर्षी बाद पद्धतीने झाला. २०२३ला चार-चार संघांचे चार गट आले, म्हणजे प्रत्येकाला तीन सामने नक्की. २०२६पासून गट गेले. आता पहिला सामना हरलात, तर आणखी एक संधी.

काल परिसंवादात एका मित्राने गटपद्धतीची चिरफाड केली. गटांतले चोवीस सामने खेळवायचे आणि सोळातले फक्त पाच संघ बाहेर काढायचे, यात चुरस कसली, असा त्यांचा सवाल. हिशेब बरोबर आहे. पण त्या हिशेबात मैदानावरचा माणूस नाही.

२०२२ची, म्हणजे बाद पद्धतीच्या वर्षाची गोष्ट. लीट्रिम ही आयर्लंडमधली सगळ्यात कमी वस्तीची काउंटी, माणसं जेमतेम पस्तीस हजार. त्यांचा संघ जूनमध्ये बाद झाला. त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी मी कॅरिक-ऑन-शॅननच्या मैदानावर गेलो. संघातला एक शिक्षक ओले चेंडू मोजून जाळीच्या पिशवीत भरत होता. गोलामागे उभ्या असलेल्या एका पोराने विचारलं, पुढचा सामना कधी? तो म्हणाला, “या जर्सीत? जानेवारीत.” पोराने बोटांवर महिने मोजले. एका हाताची बोटं पुरली नाहीत. शिक्षकाने पिशवीची गाठ मारली, आणि मग सोडून पुन्हा मारली.

त्या पोराला चुरशीचं काय सांगायचं? हिवाळाभर चिखलात सराव केलेल्या माणसाला उन्हाळ्यात तीन सामने मिळाले, तर कुणाचं काय बिघडतं?

आणि खेळूनच संघ घडतो, हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. मीथने २०२३ला गटातले तीन धरून सहा सामने खेळून टॅल्चन कप जिंकला. त्याच मीथने २०२५ला डब्लिन, केरी आणि गॉलवे या तिघांना हरवून सॅम मग्वायरची उपांत्य फेरी गाठली. खालच्या पायरीवरचा तो उन्हाळा वाया गेला, असं कुणी म्हणून दाखवावं.

आपल्याकडे रणजीच्या प्लेट गटाचीही अशीच उपेक्षा होते. खालच्या पायरीच्या स्पर्धांवर मराठीत एक चांगलं पुस्तक व्हायला हवं. आराखडा तयार नाही, पैसे कुठून येतील ठाऊक नाही, एखादी समिती नेमावी लागेल, ते पुढे पाहू. पण तुमच्यातल्या कुणी तरुणाने हे मनावर घेतलं, तर माझ्या त्या बावीस वर्षांच्या वह्या घेऊन जाव्यात. छापून न आलेलं सगळं त्यांत आहे.