गादीवरचा लॅपटॉप



बंगळूरच्या चिकपेटेत साड्यांच्या जुन्या दुकानांत आजही पांढऱ्याशुभ्र गादीची बैठक असते. गिऱ्हाईक समोर बसतं, रेशमाच्या घड्या उलगडत जातात आणि कोपऱ्यात, गठ्ठ्यांच्या आडोशाला, बिलाचा लॅपटॉप चालू असतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि लॅपटॉपवाचून पेढीचं पान हलेना. सकाळी उघडलेला लॅपटॉप रात्री दुकान वाढवेपर्यंत मिटत नाही. या पेटेतल्या भावसार आणि नामदेव शिंपी घरांत मराठी बोलली जाते. त्यांच्यासाठी, आणि इचलकरंजी-सोलापूरच्या कापडवाल्यांसाठीही, आज मी लॅपटॉपच्या निगेबद्दल बोलणार आहे.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. हवा थंड, तेव्हा यंत्र कशाला तापेल, असं वाटतं. पण लॅपटॉप तापतो तो आतल्या प्रोसेसरमुळे, आणि उंचावरची हवा थोडी विरळ असल्याने उष्णता वाहून न्यायला उलट किंचित कमीच पडते. बहुतेक लॅपटॉप पोटाखालून हवा ओढतात. तांब्याची नळी प्रोसेसरची उष्णता पातळ पत्र्यांच्या एका जाळीपर्यंत आणते आणि पंखा तिच्यातून वारा सोडतो. यंत्र मऊ गादीवर ठेवलं की ते रुततं आणि पोटाखालची भोकं बुजतात. खाली एक साधी लाकडी फळी ठेवा. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा विकतच्या पंख्याच्या स्टँडनेही पडेलच असं नाही.

दुसरा शत्रू कापडाचाच. रस्त्यावरची बारीक धूळ बरीचशी जाळीतून निघून जाते. सुताचे तंतू मात्र लांब असतात. ते पत्र्यांच्या तोंडाशी अडकतात, एकमेकांत गुंततात, आणि पंखा व जाळी यांच्या मधोमध नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून सगळं लख्ख दिसतं. आत प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. बिल निघायला वेळ लागू लागला की मालक म्हणतो, मशीन म्हातारं झालं. कितीतरी चांगली यंत्रं अशी अकारण मोडीत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

बाहेरच्या भोकातून जोराने हवा मारली तर हा थर कधी कधी सुटून पंख्यातच पडतो. खालचं झाकण काढून तो चिमट्याने उचलावा. चिकपेटेपासून एस. पी. रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथल्या जाणत्या कारागिराला हे काम सांगावं, आणि प्रोसेसर व तांब्याच्या नळीमधली कोरडी पडलेली थर्मल पेस्टही त्याच वेळी बदलून घ्यावी. घरी हवा मारायचीच असेल तर यंत्र बंद करून पंख्याची पाती काडीने अडवून धरा. वाऱ्याने ती भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होतं. पडद्यासाठी मऊ, जेमतेम ओलसर कापड पुरे. काच पुसायचा फवारा पडद्यावर नको.

आता काही चमत्कारिक वाटणारे प्रकार. शिंप्याच्या टेबलावर टाचण्यांची चुंबकाची डबी असते. ती कीबोर्डच्या कडेला ठेवली की पडदा अचानक काळा होतो. झाकण मिटलं हे ओळखायला बऱ्याच लॅपटॉपमध्ये चुंबक ओळखणारा सेन्सर असतो, तो फसतो. डबी उचला, यंत्र जागं होतं. चार्जिंग चालू असताना धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, हा दुसरा प्रकार. जुन्या इमारतींत अर्थिंग नसतं किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडाप्टरवर चढवलेला असतो. दोष बहुधा लॅपटॉपचा नसतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

टचपॅड दाबायला कठीण जाऊ लागला, किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर मात्र थांबा. दिवसभर चार्जरला जोडलेली, उष्णतेत राहिलेली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, यंत्र बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि कचऱ्यात तर मुळीच टाकू नका; ती पेट घेऊ शकते, आणि पेटेतल्या कचऱ्यात कापडाच्या चिंध्याच जास्त असतात. बदलण्याचं काम कारागिरावर सोपवा आणि जुनी बॅटरी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवी बसवल्यावर, सेटिंगमध्ये सोय असेल तर, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल असं करून ठेवा.